संकष्टीला बोलिव्हिया

उत्कर्षाला बोलता येत नव्हतं असं नाही. गॅलरीतल्या तुळशीशी ती बोलायची, जिन्यातल्या मांजरीशी बोलायची, आजी झोपली की आजीच्या चष्म्याशीसुद्धा बोलायची. समोर चार माणसं आली की मात्र तिचे शब्द आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसायचे. शिवजयंतीला शाळेनं तिला भाषणाला उभं केलं होतं. वैजयंतीनं लेकीकडून महिनाभर भाषण घोटून घेतलं होतं. पोरगी माईकसमोर गेली, माईककडं बघितलं, "जय" एवढं म्हणाली आणि खाली उतरून जागेवर बसली. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या. पालकांना वाटलं, घोषणाच असेल.

प्रत्येक पालकसभेला बाई सांगायच्या, "उत्कर्षा इज अ व्हेरी गुड गर्ल." वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीला शाळेच्या भाषेत गुड गर्ल म्हणतात, हे वैजयंतीला जरा उशिराच कळलं. कळल्यावर तिनं बाईंना विचारायचं सोडलं आणि गणपतीकडं गेली.

संकष्टी ती आधीही धरायची, पण ती घरची चाल म्हणून. आता तिनं हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. माझी लेक वर्गासमोर उभी राहून मोकळेपणानं बोलली की उद्यापन करीन, तोवर एकही चतुर्थी चुकवणार नाही, चंद्र बघितल्याशिवाय जेवणार नाही. मग थोडं थांबून हळूच म्हणाली, "दिवसा फराळाचं खाईन." देवापाशी आधीच सांगितलेलं बरं असतं. मागाहून त्याचा गैरसमज नको.

फराळाचं काय आणि अन्नाचं काय, हा प्रश्न त्या घरात कधी पडायचा नाही, कारण घरात बजाबाई होत्या. वैजयंतीच्या या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. सगळी हयात शेरडं-मेंढरं राखण्यात गेली, गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा जुळे सोलापुरात लेकाच्या फ्लॅटवर आल्या. येताना एक घोंगडं आणलं आणि सगळे नियम आणले. उपासाला जिरं चालतं, मोहरी चालत नाही. हिरवी मिरची चालते, हळद चालत नाही. असं का, म्हणून कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं. "आमच्यात असंच हाय." एवढं भक्कम उत्तर दुसऱ्या कुणाकडं नसल्यामुळं अख्ख्या अपार्टमेंटातल्या बायका एकादशीच्या आदल्या दिवशी बजाबाईंकडं येऊन जायच्या.

त्या वर्षी शाळेनं स्पॅनिश सुरू केलं. कारण एवढंच होतं, की पलीकडच्या शाळेनं जर्मन सुरू केलं होतं. शिकवायला प्रियंका मॅडम आल्या. मूळच्या टेंभुर्णीच्या, पुण्यात राहून स्पॅनिश शिकलेल्या, आणि उत्साह असा की फळ्यावरचा खडू मोडायचा. त्यांनी सातवीच्या मुलांना सांगितलं, प्रत्येकानं एकेका स्पॅनिश बोलणाऱ्या देशाचा अभ्यास करायचा, वर्गासमोर येऊन तो देश सगळ्यांना सांगायचा, आणि तिथला एक पदार्थ करून आणायचा. पालकांनीही यायचं. देश चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. महेश्वर नावाच्या मुलाला अर्जेंटिना मिळाला. त्याच्याकडं जर्सी आधीपासून होतीच, त्यामुळं त्याचा अभ्यास चिठ्ठी उघडताक्षणी पूर्ण झाला. उत्कर्षाच्या हाताला बोलिव्हिया लागला.

"बोलिव्हिया?" वैजयंतीचा नवरा इंद्रजीत ऑफिसातून येऊन बूट काढता काढता म्हणाला. "बोलायला लावलं की जिचा जीव जातो, तिलाच बोलिव्हिया?"

"हसू नका हो तिला."

"हसत नाही. हाय कुठं पण हा देश?"

कुणालाच माहीत नव्हतं. उत्कर्षानं भिंतीवरच्या नकाशात दक्षिण अमेरिकेच्या मधोमध बोट ठेवलं आणि काही न बोलता आत निघून गेली.

आपल्याकडं प्रोजेक्ट मिळतो मुलांना आणि करतात आया. वैजयंतीनं दुसऱ्याच दिवशी पूजा आटोपून कामाला हात घातला. चार्टपेपर आणला. तांबडा, पिवळा, हिरवा झेंडा रांगोळीच्या हातानं असा रेखला, की एक रेघ हलली नाही. मोबाईलवरून माहिती काढली. राजधानीच्या जागी दोन-दोन गावांची नावं निघाली, तेव्हा घाबरून दोन्ही लिहिली. बजाबाई शेजारी पाय पसरून बसल्या होत्या. मोबाईलवर एक चित्र आलं, तसं त्यांनी चष्मा पुढं ओढला.

"ह्ये कसलं शेरडू म्हनायचं?"

"लामा म्हणतात त्याला, आत्या. त्याची लोकर काढतात."

"मान बघ की त्याची. ह्याच्या गळ्यात घुंगरू बांधाय शिडी लागंल." मग दुसरं चित्र आलं. डोक्यावर गोल काळी टोपी, खाली घेरदार परकर, हातात सूत आणि मागं मेंढरं. बजाबाई बराच वेळ बघत राहिल्या. "बायामानसं हायेत चांगली. टोपी तेवढी सायबाची घातलीया."

एका गोष्टीपाशी वैजयंती जरा थबकली. त्या देशाला समुद्र नाही. पूर्वी होता, लढाईत गेला. पण त्यांनी आरमार मोडलं नाही. नौसैनिक आहेत, गणवेश आहेत, मोठ्या तळ्यात बोटी चालवतात, आणि वर्षातून एक दिवस अख्खा देश गेलेल्या समुद्राची आठवण काढतो. इंद्रजीतला सांगितलं तर तो पोट धरून हसला. वैजयंतीला हसू आलं नाही. नाही त्या गोष्टीसाठी गणवेश घालून तयार राहायचं, हा तर सरळसरळ नवस होता.

भाषणही तिनंच लिहिलं, इंग्रजीत. बोलिव्हिया इज अ लँडलॉक्ड कंट्री, इथपासून सुरुवात. क्षेत्रफळ, लोकसंख्या, नद्या, डोंगर. भाकरी थापता थापता ती एक वाक्य म्हणायची आणि उत्कर्षा मान हलवायची. पाठ झालंय की नाही हे मानेवरून कळत नव्हतं. उत्कर्षाही अधूनमधून मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची.

"काय वाचतीस ग?"

"काही नाही."

वैजयंतीला चेहरे वाचता यायचे, पण त्या दिवसांत तिचे डोळे चार्टपेपरवर होते.

मग शाळेचा निरोप आला, तारखेचा. वैजयंतीनं कॅलेंडर बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. नेमकी संकष्टी. याला योगायोग म्हणायला ती काही मूर्ख नव्हती. बाप्पानं स्वतः तारीख दिली होती. तिनं देव्हाऱ्यापुढं एक निरांजन जास्त लावलं आणि संध्याकाळी सासूबाईंजवळ विषय काढला.

"आत्या, त्या दिवशी सकाळी मला तिकडचा एक पदार्थ करायचाय. साल्तेन्या म्हणतात. आपल्या करंजीसारखाच असतो, आत तिखट सारण. मी बिनमटणाचा करीन."

"कुनच्या दिशी?"

"चतुर्थीला."

बजाबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "संकष्टीच्या दिशी? माज्या गॅसवर? परमुलकातलं?"

"आपल्याला खायचं नाही आत्या, शाळेत न्यायचंय."

"खायाचं नसू दे, न्हायतर गाडायचं असू दे. उपासाच्या दिशी त्या सायबी टोपीवाल्यांचं खानं या घरात शिजायचं न्हाय. कुटला मुलूख, कुटलं पीठ, कुनाचं हात. तू नवस धरलाईस का तमाशा?"

"पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे."

"आन् माज्या चतुर्थ्यांचा न्हाय व्हय?"

उत्कर्षा दारात उभी होती. आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं. तिच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, तिथंच परत फिरलं. वैजयंतीनं हार मानली. सासूशी भांडून धरलेला उपास देवाला पोचत नाही, असं तिची आई सांगायची. पदार्थ न्यायचा नाही, असं ठरलं. भाषण चांगलं झालं तर मॅडम सांभाळून घेतील.

चतुर्थीच्या सकाळी बजाबाई स्वतः म्हणाल्या, "म्या बी येनार. नात बोलनार हाय म्हनं." त्यांना उपासात पित्त व्हायचं, वेळेवर पोटात काही गेलं नाही तर चक्कर यायची. म्हणून वैजयंतीनं दोघींसाठी फराळाचा डबा भरला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. चार पुडाचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. लेकीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "पहिलं वाक्य म्हणालीस की पुढचं आपोआप येतं बघ."

शाळेच्या हॉलमध्ये मुलं पुढं आणि पालक मागं बसले होते. मेक्सिकोनं मॉलमधून आणलेली चिप्सची पाकिटं फोडली. स्पेननं आईची बांधणीची ओढणी कमरेला बांधून पाय आपटले. महेश्वरनं जर्सी घालून अख्ख्या संघाची नावं घडाघडा म्हटली; राजधानी विचारली तेव्हा गोलकीपरचं नाव सांगितलं. टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडत होत्या. मग प्रियंका मॅडम म्हणाल्या, "आता बोलिव्हिया."

उत्कर्षा पुढं गेली. मागं चार्ट लागला, झेंडा झकास दिसत होता.

"ब्वेनोस दिआस," तिनं स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. वैजयंतीनं डब्याची मूठ घट्ट धरली. "बोलिव्हिया इज अ लँडलॉक्ड कंट्री."

आणि थांबली.

हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला. वैजयंतीचे ओठ पुढचं वाक्य आवाज न करता म्हणत होते. एकदा, दोनदा. बाप्पा, एक वाक्य. इंग्रजी नको, चुकलं तरी चालेल, एकच वाक्य दे.

"आडली का ग पोरगी?" बजाबाईंनी हळू विचारलं. त्यांचं हळू म्हणजे माळावर पलीकडच्या कळपाला ऐकू जाणारं. पुढची दोन-तीन मुलं खुसखुसली.

"हरकत नाही, उत्कर्षा," मॅडम म्हणाल्या. "मराठीत सांग. बरं, खायला काय आणलंयस ते आधी सांगतीस का?"

"काही आणलं नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. वैजयंतीनं डोळे मिटले.

"म्हणजे," पुन्हा उत्कर्षाचा आवाज आला, "आणलंय."

डोळे उघडले तेव्हा पोरगी रांगांमधून मागं येत होती. आईसमोर उभी राहिली, आईच्या मांडीवरचा डबा उचलला, आणि तशीच परत पुढं गेली. टेबलावर डब्याचं एकेक पूड मांडलं. खिचडीचा वास हॉलभर पसरला.

"हे बोलिव्हियाचं जेवण आहे," उत्कर्षा म्हणाली. "हा माझ्या आईचा उपासाचा डबा आहे. माझी आई दर संकष्टीला बोलिव्हियाच खाते."

हॉल हसला. इतर वेळी एवढ्या हसण्यात पोरगी जागेवर जाऊन लपली असती. पण हे हसणं वेगळं होतं. तिला ते कळलं असावं, कारण तिनं मान वर केली आणि हसू ओसरेपर्यंत थांबली. मोठ्या वक्त्यांनाही जे शिकवावं लागतं ते.

मग ती बोलायला लागली. बटाटा आपला नाही, म्हणाली. तिकडच्या डोंगरात, मोठ्या तळ्याच्या काठाला, लोक हजारो वर्षांपासून बटाटा पिकवतात. थंडीत रात्री तो बाहेर गोठायला ठेवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, मग वाळवतात, वर्षानुवर्षं टिकतो. आपण कीस उन्हात वाळवतो, ते बटाटा थंडीत वाळवतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो त्याच बाजूच्या जंगलातला. राजगिरा तिकडच्या डोंगरातला. मिरची तिकडचीच. आणि शेंगा...

"ए, शेंगा आपल्या!" मागून कुणाचे तरी वडील उठलेच. "सोलापूरची शेंगाचटणी जगात जाती, बाळ."

"आपल्याच आहेत काका," उत्कर्षा म्हणाली, "पण नंतर झाल्या."

पुन्हा हशा झाला. काका खाली बसले. पोर्तुगीज लोकांनी हे सगळं बोटीतून आपल्याकडं आणलं, त्याआधी इथं यातलं काहीच नव्हतं, असं ती सांगत होती, तेवढ्यात महेश्वरनं हात वर केला. "मग त्याच्या आधी लोक उपासाला काय खायचे?"

उत्कर्षानं क्षणभर विचार केला. "बहुतेक उपास करायचे."

यावर मॅडमसुद्धा टेबलाला धरून हसल्या. टाळ्या थांबेनात. वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झालं होतं. तिनं मागितलं ते सगळ्यांदेखत झालं होतं. ती फक्त एक गोष्ट मागायची विसरली होती. पोरगी बोलू दे, एवढंच म्हणाली होती. काय बोलू दे, हे सांगायचं राहून गेलं होतं.

तिनं भीत भीत शेजारी बघितलं. बजाबाई समोर बघत होत्या, न हलता. लांडगा कळपात शिरलेला दिसला आणि हातात काठी नाही, असा चेहरा होता.

तोवर पुढं मुलांनी डब्याला वेढा घातला होता. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना थोडं थोडं." लाडू फुटले, खिचडी हातोहात गेली, चटणी बोटांनी चाटून संपली. स्पेन आणि मेक्सिकोत शेवटच्या बटाट्यावरून ओढाताण झाली. घासलेल्यासारखी चार पुडं परत आली. पहिला नंबर बोलिव्हियाला मिळाला.

घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही. म्हणजे दोघी बोलल्या नाहीत. उत्कर्षा सगळा रस्ता बोलत होती. रिक्षावाल्याला तिनं विचारलं, तुम्ही उपास करता का, आणि तो हो म्हणाला तेव्हा त्यालाही बोलिव्हिया सांगितला.

दारातून आत आल्यावर बजाबाई खाटेवर बसल्या. "वैजू."

"काय आत्या?"

"लगीन होऊन आले तवापासनं म्या चतुर्थी धरतीया. एकादशी धरतीया. शिवरात्र. त्या सगळ्या दिशी म्या ह्येच खाल्लंय की ग."

"आत्या, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"देवाला म्हाईत हुतं न्हवं? त्यो गप का बसला?"

वैजयंती फ्रिजकडं वळली. "दूध देऊ का थोडं? चक्कर यायची."

"गाय तरी आपली हाय का, इच्चार तिला."

उत्कर्षा आतून म्हणाली, "खिल्लार आपली आहे आजी. पिशवीतलं दूध बहुतेक जर्सी गाईचं असतं."

बजाबाईंनी दूध घेतलं नाही. सासूनं घेतलं नाही म्हणून सुनेनंही घेतलं नाही. त्या दिवशी दोघींनी चंद्र उगवेपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. इतका कडक उपास त्या घरात आजवर कधीच झाला नव्हता. चंद्र दिसला, अर्घ्य दिलं, ताटं वाढली. वैजयंती आमटी वाढायला वाकली तेव्हा उत्कर्षा म्हणाली, "टोमॅटोपण तिकडचाच हं."

"भात?" बजाबाईंनी विचारलं.

"भात आपला आहे."

"मग भात वाड. आन् हिला म्हनावं, जेवताना बोलू नगं."

पण पोरगी आता थांबते कुठली. शाळेनं तिचं भाषण पालकांच्या ग्रुपवर टाकलं, ग्रुपवरून ते अपार्टमेंटात आलं. तळमजल्यावरच्या चनमल्लप्पांच्या सूनबाईंनी आधी फोन केला. "उत्कर्षा आहे का हो? रताळं चालतं का विचारायचं होतं." रताळंही तिकडचंच निघालं. मग शिंगाडा विचारायला कुणी आलं. शिंगाडा आपला. वरई आपली. पपई? पपई त्यांची. बायका दारात उभ्या राहून पोरीला विचारायच्या, पोरगी फडाफडा सांगायची, आणि आत खाटेवर बजाबाई ऐकत असायच्या. त्यांच्याकडं आता कुणी येत नव्हतं. 'आमच्यात असंच हाय' या उत्तरावर सातवीतली मुलगी 'पण आपल्यात ते कुठून आलं' असा प्रश्न टाकत होती, आणि त्यापुढं ते उत्तर टिकत नव्हतं.

वैजयंतीचा पेच निराळाच होता. नवस फळला, तर उद्यापन करायला हवं. मोदक, आरती, सवाष्णी. तिनं विचारलं, तर सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "कशाचं उद्यापन? उपासच खोटा निघाला, तर फळ कुनाचं?"

"फळ तर मिळालं ना आत्या."

"मिळालं म्हनून आपलं हुतं का? माळावर चुकलेलं कोकरू घावलं, तरी धनी इच्चारावाच लागतोय."

वैजयंती रात्रभर... नाही, झोप तिला चांगली लागली. पण सकाळी फुलं वाहताना तिच्या मनात तेच होतं. खरा उपास घडला तो त्या एकाच दिवशी, आणि तोही डबा मुलांनी संपवल्यावर. म्हणजे देवानं फळ आधी दिलं आणि उपास मागाहून करवून घेतला. असा उलटा हिशेब ती कुणाला सांगणार? हात जोडून ती एवढंच म्हणाली, "पुढच्या चतुर्थीला सगळं आपल्याकडचंच खाईन. मग तरी उद्यापन मानून घे." आणि मनात एक भीती होती, ती तिनं देवापुढंही उच्चारली नाही. नवस खोटा धरला गेला आणि पोरीचा आवाज परत आत जाऊन बसला तर?

पुढची चतुर्थी आली. संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या, मोदकांचा नारळ खवून ठेवला होता. सकाळी फराळाला भगर शिजली, मिऱ्याची पूड आणि जिरं घालून. मिरची नाही, शेंगाचं कूट नाही, बटाटा नाही. बरोबर ताक आणि केळं. बजाबाईंनी पहिला घास घेतला, तो तोंडात फिरवला, आणि ताटाकडं बघत बसल्या. दुसऱ्या घासानंतर त्यांनी ताट पुढं सारलं.

"पित्त चढलंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "डोस्कं गरगरतंय." आणखी थोड्या वेळानं, "उत्के, हिकडं ये."

उत्कर्षा येऊन खाटेवर बसली.

"त्या तुज्या मुलकात बाया उपास-तापास करत्यात का ग?"

"करतात की. ख्रिश्चन आहेत ना ते. गुड फ्रायडे पाळतात."

"मग त्या दिशी काय खात्यात?"

"थांब, बघते."

वैजयंती ओट्यापाशी उभी होती, पाठ त्यांच्याकडं, कान त्यांच्याकडं. मोबाईलवर बोट फिरलं. "मांस चालत नाही त्या दिवशी. निरनिराळे पदार्थ करतात. मका, चीज, तांदळाची खीर, आणि बटाट्याचे तर..."

"बटाटं?" बजाबाई उठून बसल्या.

"हो, बटाटे असतातच."

"म्हंजे तितं बी त्येला उपासाला धरत्यात."

"हो."

"मूळ गावात बी बटाटा उपासाचाच हाय, म्हन की!" त्यांच्या आवाजात महिन्याभरानं धार आली. "मग आमी काय वेगळं केलं? ज्येचं हाय त्येच जर उपासाला खात्यात, तर त्यो आदीपासनंच उपासाचा. आपल्यात आला तवाच सोवळा होऊन आला."

उत्कर्षा अजून मोबाईलमध्ये वाचत होती. तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडले. वैजयंतीनं मागं वळून पडद्यावरचं चित्र बघितलं. ताटात मासा होता, अख्खा, डोळ्यासकट. कळायच्या आत तिनं बोट ओठांवर ठेवलं, लेकीला गप म्हणून खुणावलं.

उत्कर्षा थांबली. आईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी आलं. शब्द आतल्या खोलीकडं निघाले आहेत, आता कडी लागणार आहे, तसं. वैजयंतीनं ते ओळखलं. कुठल्या तोंडानं उद्यापन करणार होती ती? तिनं बोट ओठांवरून काढलं आणि पदराला पुसलं, जसं काही त्याला काही लागलं होतं.

"सांग," ती म्हणाली. "आजीनं विचारलंय ना. पुरतं सांग."

"मासेपण खातात, आजी. उपासाला."

बजाबाईंनी डोळे बारीक करून नातीकडं बघितलं, मग सुनेकडं, मग समोरच्या भगरीकडं.

"मासं त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचं आनताना समदं घरदार आनत न्हाईत. आपल्याला चालंल त्येवडं आनायचं. बटाटं आनलं, बास झालं."

"मग संध्याकाळी उद्यापन, आत्या?"

"नारळ खवलाईस न्हवं? मग काय फोडलेला परत जोडनार हाईस? कर की. आन् कुकर लाव आदी. मिरच्या दोन जास्त घाल, त्या बी तितल्याच हायेत."

वैजयंतीनं टोपलीतून बटाटे काढले आणि नळाखाली धरले. मागं उत्कर्षा आजीला सांगत होती, की तिकडं बटाट्याच्या हजारो जाती आहेत, काळे असतात, जांभळे असतात, एकाचं तर नावच असं आहे की नवी सून तो सोलता सोलता रडते. "आमच्यात कांदा हाय त्येला," बजाबाई म्हणाल्या. "पुढं सांग." आणि ती पुढं सांगत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी तिचा बोलिव्हिया संपला नव्हता.